आठव्या तासाची परीक्षा : रोजची ब्रा आणि रोजचा मेकअप

ट्रायल रूमच्या आरशासमोर दोन मिनिटं उभं राहिलं तर जवळजवळ प्रत्येक ब्रा बरी वाटते, आणि मनगटावर चोळून पाहिलेलं प्रत्येक फाउंडेशन मुलायमच लागतं. खरं काय ते संध्याकाळी कळतं. हात नकळत पाठीच्या हुकाकडे जायला लागतो आणि नाकाच्या कडेला रंगाची पपडी धरलेली दिसते. म्हणून इथे ब्रा आणि बेस मेकअप यांच्या नेहमीच्या प्रकारांना एकच प्रश्न विचारला आहे: आठ तासांनी काय? समारंभाचा मेकअप आणि खास कपड्यांखालची ब्रा यांचं गणित निराळं असतं, ते इथे नाही.

घाई असेल तर निकाल आधीच सांगून टाकतो. रोजच्या वापराला शिवणीच्या कपची, पातळ अस्तराची, रुंद बँडची ब्रा सगळ्यात जास्त टिकते आणि सगळ्यात कमी छळते. वायर हवी की नको हा त्यानंतरचा प्रश्न. जाड फोमची साच्यातली ब्रा खपते भरपूर, पण आमच्या मते तिचं जितकं कौतुक होतं तितकी तिची लायकी नाही. चेहऱ्याला रंगीत सनस्क्रीन आणि लागेल तिथेच कन्सीलर (डाग झाकणारा दाट रंग) एवढ्यावर बहुतेकींचं भागतं. चेहरा पूर्ण झाकणारं मॅट फाउंडेशन रोज लावायची गरज फार थोड्या जणींना असते.

माप: इथेच सगळं बिघडतं

ब्राबद्दलच्या दहा तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी चुकीच्या मापाच्या असतात, आणि दोष मात्र कंपनीला मिळतो. मोजायला दोन मापं लागतात. पहिलं छातीच्या खाली, जिथे बँड बसतो तिथलं. मोजपट्टी मागून-पुढून जमिनीला समांतर ठेवायची, श्वास सोडायचा आणि पट्टी अंगाला घट्ट लागेल पण काचणार नाही अशी धरायची. दुसरं छातीच्या सर्वांत भरीव भागावरून, पट्टी नुसती टेकवून. हे दुसरं माप दोनदा घ्या, एकदा ताठ उभं राहून आणि एकदा कमरेत वाकून, आणि दोन्हींची सरासरी धरा. उभ्यानेच घेतलं तर ज्यांची छाती सैलसर किंवा ओघळलेली असते त्यांचं माप हमखास कमी येतं.

समजा खालचं माप ३१.५ इंच आलं आणि वरचं ३६. बँड ३२, फरक ४ इंच. एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. म्हणजे सुरुवात ३२डी पासून. आता हीच बाई जुन्या पद्धतीने मोजली, म्हणजे खालच्या मापात चार-पाच इंच मिळवून बँड काढला, की ३६ बँड येतो आणि कप जेमतेम ए. चार इंच सैल बँड आणि लहान कप घेऊन ती वर्षानुवर्षं पट्टे वर ओढत राहते. ही पद्धत अजून बऱ्याच काउंटरवर चालते. कुणी तुमच्या मापात काही मिळवायला लागलं तर थांबवा.

‘डी म्हणजे फारच मोठं’ हा गैरसमजही इथूनच येतो. नुसत्या अक्षराला अर्थ नसतो, तो शेजारच्या आकड्याबरोबर बदलतो. ३२डी, ३४सी आणि ३६बी या तिन्हींच्या कपांत मावणारं आकारमान जवळपास सारखंच. यांना सिस्टर साइझ म्हणतात. त्याचा उपयोग असा: कप बरोबर पण बँड सैल असेल तर आकडा एक पायरी खाली आणि अक्षर एक पायरी वर. बँड काचतोय पण कप ठीक असेल तर उलट. नुसता आकडा बदलून अक्षर तेच ठेवलं की कपही बदलतो आणि माणूस गोंधळून मूळ मापाकडे परत जातो.

कपांना ए ते डी ही अक्षरं १९३२ मध्ये अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प या कंपनीने दिली. डीच्या पुढे मात्र एकवाक्यता राहिली नाही. ब्रिटिश मापांत डीडीनंतर ई येतो, अमेरिकन मापांत बहुधा डीडीडी. युरोपियन लेबलवर बँड सेंटीमीटरमध्ये असतो: ७० म्हणजे ३२, ७५ म्हणजे ३४. फ्रेंच मापात त्यात १५ मिळवलेले असतात, म्हणून ३२ चा बँड तिथे ८५ होतो. ऑनलाइन मागवताना त्या कंपनीचा तक्ता उघडून कोणतं माप चालतं ते पाहिलंत तर परत पाठवायचा खटाटोप वाचतो.

खालचं माप ३३ असं विषम आलं तर? ३२ आणि ३४ दोन्ही घालून बघा. बँडचं कापड भरपूर ताणलं जात असेल तर बहुधा ३२ बसेल, कमी ताणत असेल तर ३४.

घालून बघताना

नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकावर बसली पाहिजे. आतल्या दोन ओळी पुढच्या महिन्यांसाठी असतात, इलॅस्टिक सैल पडत गेलं की आत यायचं. नवी ब्राच सर्वांत आतल्या हुकावर ‘परफेक्ट’ बसत असेल तर ती दोन महिन्यांची पाहुणी आहे.

बँड एकटा तपासायची एक युक्ती आहे. ब्रा उलटी घाला, कप पाठीवर आणि हुक पुढे. कप मध्ये येत नसल्याने बँड खरोखर किती घट्ट आहे ते लगेच समजतं. अशी उलटी घातल्यावर बँड छान वाटला आणि सुलटी घातल्यावर काचायला लागला, तर लहान आहे तो कप. कपात न मावलेली छाती बँडला पुढे ओढते आणि बाई म्हणते, बँड घट्ट. या एका चुकीमुळे कितीतरी जणी मोठा बँड घेतात आणि मूळ रोग तसाच राहतो.

मग सरळ घालून पुढे वाका, हात कपात घालून काखेकडची सगळी छाती पुढे आत घ्या आणि उभ्या राहा. ही पायरी गाळली तर मापाचा निकालच खोटा लागतो. त्यानंतर पट्टे जुळवा; पट्टा आणि खांदा यांच्यात एक बोट सहज सरकावं. बँडखाली मागे दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. मधली पट्टी, म्हणजे दोन कपांना जोडणारा भाग, वायरच्या ब्रात छातीच्या हाडाला टेकलेली हवी. वायर छातीच्या खालच्या घडीत, बरगड्यांवर बसावी. छातीवर किंवा काखेतल्या मऊ भागावर चढली तर संध्याकाळपर्यंत वळ उठणारच. शेवटी दोन्ही हात वर करा, खाली बसा, वाका, पाठीमागे वळून बघा. बँड जागचा हलला नाही तर ब्रा पास.

बाकी लक्षणं वाचायला सोपी आहेत. मागून बँड वर चढतो: सैल आहे. पट्टे खांद्यात रुततात: तेच, बँड सैल असल्याने सगळा भार खांद्यांवर आला. रुंद पट्टे घेऊन हे सुटत नाही, फक्त वळ रुंद होतात. पट्टे घरंगळतात: एक तर पट्टे फार लांब सोडलेत किंवा कप मोठा आहे, नाहीतर तुमचे खांदे अरुंद किंवा उतरते असून पट्टे काठावर जोडलेले आहेत. या शेवटच्या कारणावर इलाज म्हणजे पाठीवर जवळ येणारे पट्टे. कपावरून छाती उतू जाते, शर्टातून चार फुगवटे दिसतात: कप लहान. कप वरून पोकळ राहतो तेव्हा मात्र लगेच ‘कप मोठा’ म्हणू नका. छाती खालून भरलेली आणि वरून उतरती असेल तर उंच कप पोकळ राहणारच, तिथे वरून कमी झाकणारा कप लागतो. दोन बाजू सारख्या नसणं तर अगदी सर्वसाधारण आहे. माप मोठ्या बाजूचं घ्या, लहान बाजूला काढता-घालता येणारं पॅड ठेवा.

कोणती किती तास चालते

साच्यातली फोमची टी-शर्ट ब्रा बाहेरून गुळगुळीत दिसते, हा तिचा एकुलता एक गुण. फोमला स्वतःचा आकार असतो. तुमचा त्याच्याशी जुळला तर उत्तम, नाही जुळला तर एकीकडे पोकळी आणि दुसरीकडे फुगवटा. फोममधून हवा जात नाही, घाम आत साठतो आणि सहाव्या तासाला कपाची आतली बाजू दमट लागते. गुळगुळीतपणा हवाच असेल तर स्पेसर कापडाचा कप शोधा: दोन पातळ थरांमध्ये उभ्या धाग्यांची जाळी विणलेली असते, त्यातून हवा खेळते. दाबून सोडल्यावर तो फोमसारखाच फुलून येतो पण उजेडात धरला तर त्यातून प्रकाश दिसतो. ओळखायला एवढं पुरे.

शिवणीची ब्रा, म्हणजे दोन-तीन तुकडे जोडून केलेला कप, तंग शर्टाखाली शिवणीची रेघ दाखवते म्हणून मागे पडली. अन्यायच आहे हा. तुकड्यांचा कप छातीला आकार आणि उचल दोन्ही देतो, बाजूचा तुकडा तिला पुढे ठेवतो, आणि पातळ असल्याने उकडत नाही. मोठ्या कपसाठी, डीडीच्या पुढे, हिच्याइतकं दुसरं काही चालत नाही, वायर असो वा नसो.

वायरबद्दल भीती खूप आहे. वायरमुळे स्तनांचा कर्करोग होतो या समजाला आधार नाही. अमेरिकेतल्या फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्राने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये ब्रा किती तास घातली, वायरची होती की नव्हती, यांचा आजाराशी संबंध आढळला नाही. वायर टोचते ती अरुंद किंवा चुकीच्या मापाची असते म्हणून. बाळाला अंगावर पाजत असताना मात्र वायर आणि आवळणारा बँड टाळलेला बरा. सतत दाब पडला तर दुधाच्या गाठी होऊ शकतात. गरोदरपणात बरगड्यांचा घेर वाढतो, तेव्हा नवी ब्रा घेण्याआधी हुक वाढवणारी जोडपट्टी लावून बघा, तीन-चार महिने निघतात.

ब्रालेट, म्हणजे वायर आणि साच्याचे कप नसलेली मऊ ब्रा, ही घरातली राणी आहे, तिला बाहेर किती चालवायचं ते कपवर ठरतं. बी-सीपर्यंत, खाली निदान दीड इंचाचा पट्टा आणि समोर दुहेरी कापड असेल तर दिवसभर छान. त्यापुढे आतून शिवलेली आधारपट्टी नसेल तर ती फक्त झाकते. स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांची आणखी एक गोची: एका ‘मीडियम’मध्ये तीन-चार निरनिराळे कप कोंबलेले असतात. अशा वेळी कंपनीच्या तक्त्यात बँड आणि कप दोन्ही दिलेत का ते पाहा. फक्त छातीचं माप दिलं असेल तर तो जुगार आहे.

स्पोर्ट्स ब्रा रोज ऑफिसला घालणाऱ्या पुष्कळ आहेत. १९७७ मध्ये अमेरिकेत पहिली स्पोर्ट्स ब्रा शिवली गेली ती पुरुष खेळाडूंच्या दोन आधारपट्ट्या (जॉकस्ट्रॅप) एकत्र जोडून. धावताना हलणारी छाती धरून ठेवणं एवढंच तिचं काम होतं. आजही दाबून धरणारा प्रकार त्याच कामाचा आहे, आठ तास बसून राहायचा नाही. दाबाखाली घाम अडकतो, छातीखालच्या घडीत लाल चट्टे उठतात आणि ओलं तसंच राहिलं तर बुरशीचा संसर्ग होतो. व्यायाम झाला की पहिल्यांदा ती उतरवा, घडी कोरडी टिपा. चट्टे आठवड्याभरात गेले नाहीत किंवा ओलसर होऊन आग व्हायला लागली तर पावडर थापत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मोठ्या छातीला प्रत्येक बाजूचा वेगळा कप असलेली स्पोर्ट्स ब्रा घ्या, ती दाबत नाही, धरते.

मिनिमायझर, म्हणजे छाती लहान दिसावी म्हणून घालायची ब्रा, छाती कमी करत नाही, पसरवते. छाती काखेकडे सरकते, म्हणून संध्याकाळी काखेत घासल्यासारखं होतं. पुढून हुक असलेली ब्रा खांदे दुखणाऱ्यांना सोयीची, पण त्यात सहसा एकच खटका असतो आणि बँड सैल पडल्यावर आत घ्यायला जागा नसते. चिकटवायची सिलिकॉनची? रोजच्या यादीत तिचं काम नाही.

कापड, हुक, धुणं

‘शंभर टक्के सुती’ हे ऐकायला छान वाटतं. निव्वळ सुताचा बँड ताणल्यावर पुन्हा जागेवर येत नाही. त्यात ५ ते १० टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताण देणारा धागा, हवाच. सूत घाम शोषतं पण लवकर वाळत नाही, त्यामुळे फार घाम येणाऱ्यांना मोडाल (लाकडाच्या लगद्यापासूनचं मऊ कापड) किंवा पातळ मायक्रोफायबर जास्त कोरडं वाटतं. त्यातल्या त्यात चांगली जोडणी म्हणजे कपाच्या आत सुती अस्तर आणि बँडला जाळीचं ताणणारं कापड. शिवणीऐवजी चिकटवून केलेल्या कडा कपड्याखाली दिसत नाहीत, पण आठ-दहा धुण्यांनंतर कोपऱ्यापासून सुटायला लागतात. घेण्याआधी कड नखाने हलकेच उचलून बघा.

पाठीवर हुकाच्या जागीच खाज येते, पट्ट्याच्या कडीखाली गोल डाग पडतो, असं होत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते. वरचा रंग उडालेल्या धातूच्या कड्या हे त्याचं नेहमीचं ठिकाण. प्लॅस्टिकच्या कड्या आणि मागे कापडाची पूर्ण पट्टी असलेले हुक घेतले की बहुतेक वेळा मिटतं.

हा ताण देणारा धागा, म्हणजे इलॅस्टेन किंवा स्पॅन्डेक्स, १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला, आणि त्याचे शत्रू तेव्हापासून तेच आहेत: उष्णता आणि क्लोरीन. गरम पाण्यात नको, ड्रायरमध्ये नको, ब्लीचमध्ये तर नकोच. ३० अंशांपर्यंतचं पाणी, सौम्य साबण, हुक लावलेले, जाळीच्या पिशवीत. पिळू नका; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. सॉफ्टनर कापडावर थर धरतो आणि घाम शोषणं कमी होतं. वाळत घालताना पट्ट्याने लटकवली तर ओल्या वजनाने पट्टा ताणतो. मधल्या पट्टीवरून दोरीवर टाका, सावलीत. फोमचा एक कप दुसऱ्यात दुमडून कपाटात ठेवायची सवय मोडा, एकदा पडलेला पोचा जात नाही.

एकच ब्रा सलग दोन दिवस नको, धाग्याला मूळ लांबीवर यायला वेळ लागतो. तीन ब्रा आलटूनपालटून वापरल्या तर साधारण वर्षभर जातात. सर्वांत आतल्या हुकावरही बँड वर चढायला लागला की तिचं काम संपलं, लेस कितीही सुंदर का असेना.

चेहरा: थर जितका पातळ, तितका टिकतो

फाउंडेशन फुटतं, रेषांत जमतं, राखाडी दिसतं, गोळ्या होऊन निघतं. यांतली राखाडी झाक सोडली तर बाकी सगळ्याच्या मागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: जास्त लावलंय, घाईत लावलंय, एकावर एक लावलंय.

सुरुवात सनस्क्रीनपासून, कारण बेस त्याच्यावरच बसणार. बाटलीवर लिहिलेला एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) मोजला जातो तो दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात. चेहरा आणि मान धरून हे सुमारे अर्धा चमचा होतं, किंवा तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीभर ओढलेल्या दोन रेघा. इतकं फाउंडेशन कुणीही लावत नाही, लावूच शकत नाही. म्हणून ‘एसपीएफ ३० असलेलं फाउंडेशन आहे, वेगळं सनस्क्रीन कशाला’ हा हिशेब चुकतो. एसपीएफ असलेला बीबी क्रीमचा पातळ थर हे सनस्क्रीन नव्हे.

रंगीत सनस्क्रीनला इथे पहिला नंबर आहे, तो याच कारणाने. पूर्ण प्रमाणात लावलं तरी ते जड होत नाही, आणि त्याला रंग देणारी आयर्न ऑक्साइड्स दृश्य प्रकाशालाही काही प्रमाणात अडवतात. वांग असलेल्यांना याचा विशेष फायदा, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश थांबवत नाही. उणीव एकच पण मोठी: छटा मोजक्या असतात. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर झिंक ऑक्साइडची पांढुरकी झाक मारते. आपली छटा नसेल तर चेहरा करडा करून घेण्यापेक्षा पारदर्शक सनस्क्रीन आणि वर स्किन टिंट (फाउंडेशनहून पातळ रंग) बरं.

मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि टिंट यांच्यात दम धरावा लागतो. सनस्क्रीनचा थर सुकायला दहा-पंधरा मिनिटं द्या. ओल्यावर चोळलं की खोडरबराच्या किसासारख्या गोळ्या सुटतात. वाट पाहूनही गोळ्या येत असतील तर खालचं आणि वरचं जुळत नाही. बाटलीवर डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन ही नावं पहिल्या चार-पाचांत असतील तर ते सिलिकॉनवर बेतलेलं आहे, यादीत पहिलं नाव पाण्याचं असलं तरीही. खात्री करायची तर तळहातावर थेंबभर घेऊन त्यात पाण्याचा थेंब मिसळा: विरघळलं तर पाण्याचं, पाणी मोती होऊन वेगळं राहिलं तर सिलिकॉनचं. एकाच जातीचे थर एकमेकांवर नीट बसतात.

प्रमाण म्हणाल तर पूर्ण चेहऱ्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढं टिंट. नाकाच्या दोन्ही बाजूंपासून सुरू करून बाहेर न्यायचं, कारण लालसरपणा आणि डाग मध्यभागी जास्त असतात. जबड्यापर्यंत पोचताना बोटावर जवळजवळ काही उरू नये. बोटं पुरेशी आहेत. स्पंज वापरायचा तर ओला करून पूर्ण पिळून घ्या, कोरडा स्पंज अर्धं उत्पादन पितो. आणि आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन उघड्यावर वाळवा. ओला स्पंज डबीत बंद केला की आतून बुरशी धरते आणि कापल्याशिवाय ती दिसत नाही.

छटा मनगटावर कधीच पाहू नका. जबड्याच्या कडेवर दोन-तीन रेघा ओढा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मग दिवसाच्या उजेडात बघा. त्वचेचं तेल मिसळल्यावर काही रंग एक पायरी गडद किंवा नारिंगी होतात, विशेषतः तेलकट त्वचेवर. चेहरा राखाडी दिसतो तेव्हा बहुधा छटा फार उजळ घेतलेली असते किंवा तिचा मूळ सूर गुलाबी आणि तुमचा पिवळसर असतो. एक छटा उजळ घ्यायची हौस महागात पडते ती अशी.

कन्सीलर हा रोजच्या मेकअपचा खरा कामकरी. डागावर टिंबाएवढं ठेवा, अर्धा-एक मिनिट घट्ट होऊ द्या, मग फक्त कडा बोटाने टिपून मिसळा. मधला भाग चोळलात तर झाकलेला डाग पुन्हा उघडा. काळ्या वर्तुळांवर थेट उजळ कन्सीलर लावला की निळसर-तपकिरी रंग खालून दिसतो आणि करडं होतं. आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा पातळ हात, मग आपल्या छटेचा कन्सीलर. वर्तुळ रंगाचं नसून डोळ्याखालच्या खोलगटपणाची सावली असेल तर कोणताही रंग तिथे चालत नाही. ओळख सोपी आहे: आरसा समोर धरून मान वर करा. अंधार गेला तर ती सावली होती.

‘२४ तास टिकणारं’ मॅट फाउंडेशन त्वचेवर लवचीक पापुद्रा तयार करून टिकतं: वाहून नेणारा द्रव उडून जातो आणि रंग पापुद्र्यात अडकतो. म्हणून ते रुमालाला लागत नाही. पण चेहरा हलतो. हसण्या-बोलण्याच्या रेषांत तो पापुद्रा तुटतो, कोरड्या त्वचेवर चौथ्या-पाचव्या तासाला ओढल्यासारखं वाटतं, आणि रात्री नुसत्या फेसवॉशने तो निघत नाही. आधी तेल किंवा क्लिन्झिंग बाम कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर फिरवा, पाण्याने दुधाळ करून धुवा, मगच फेसवॉश. मायसेलर वॉटर (मेकअप पुसायचं पाणी) वापरलं तरी नंतर चेहरा धुवावा, ‘धुण्याची गरज नाही’ असं बाटली म्हणत असली तरी.

तेलकट त्वचेला दुपारी चकाकी आली की कॉम्पॅक्ट बाहेर निघतो, आणि तिथेच चूक होते. तेलावर पावडर बसली की पेस्ट होते. आधी टिपकागद किंवा साधा टिश्यू दाबून तेल काढा, पुसू नका. मग कपाळ, नाक, हनुवटी एवढ्यावरच पावडरचा हलका हात. कॉम्पॅक्टच्या वडीवर चकचकीत कडक थर आलाय आणि पफला काही लागत नाही? ते चेहऱ्याचं तेल आहे. सेलोटेप चिकटवून उचला, खाली वडी चांगली असते. पफ मात्र धुवायलाच हवा.

डोळ्यांचं थोडक्यात. काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर रोज नको, तिथे अश्रूंना लागणारं तेल सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं असतात. पापणीच्या केसांच्या मुळाशी बाहेरून लावा. मस्करा तीन महिन्यांत टाकून द्या, उरला असला तरी. बाकी डब्यांवर उघड्या झाकणाच्या चित्रात ६ एम, १२ एम लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने. उघडल्याची तारीख पेनाने खाली लिहून ठेवा.

डब्यावरच्या बाकी विशेषणांना फार मान देऊ नका. ‘हायपोअलर्जेनिक’ (ॲलर्जी कमी होईल असं) या शब्दाला अमेरिकेतही कायद्याची व्याख्या नाही, हे तिथल्या एफडीएनेच, म्हणजे औषधं आणि प्रसाधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनेच, सांगितलं आहे, आणि ‘नॉन-कोमेडोजेनिक’ (रोमछिद्रं न बुजवणारं) या शब्दाची गतही वेगळी नाही. नाजूक त्वचा असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस, दिवसातून दोनदा लावून बघा. खाज किंवा पुरळ आलं नाही तर चेहऱ्यावर.

आणि हे दोन्ही विषय जिथे खरोखर एकमेकांना भिडतात ती जागा म्हणजे खांदा आणि मान. पट्ट्याखाली घाम, घर्षण आणि जाडसर सनस्क्रीन एकत्र आलं की तिथे पुटकुळ्या उठतात. पट्टा एक बोट सैल करा आणि अंगाला लावलेलं पूर्ण जिरल्यावरच ब्रा घाला. पांढऱ्या ब्राच्या पट्ट्यांवर धुतल्यावर उमटणारे गंजासारखे पिवळे-नारिंगी डागही तिथलेच. सनस्क्रीनमधलं ॲव्होबेन्झोन पाण्यातल्या लोहाशी जुळून ते पडतात. ब्लीच लावलं की ते आणखी पक्के होतात. धुण्याआधी डागावर भांड्यांचं लिक्विड सोप चोळून तेलकट भाग काढा, मग गंजाच्या डागाला लावतो तसं सायट्रिक ॲसिड पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा आणि गार पाण्याने धुवा. जुना डाग दोनदा करावा लागतो. पुढची ब्रा बदामी किंवा करड्या रंगाची घेतलीत तर तेवढाही खटाटोप उरत नाही.